जिभेला लावलेलं वळण

परदेशातल्या इस्पितळात नोकरी मिळवायची तर तिथली भाषा यायलाच हवी, म्हणून सिस्टरने संध्याकाळचा वर्ग लावला. वॉर्डात तिला सगळे सिस्टर म्हणत. घरी सासूबाईही कौतुकाने तेच म्हणायच्या.

वर्गात प्लायवूडचे कप्पे होते. प्रत्येकात हेडफोन, माइक आणि एक छोटा हिरवा दिवा. कानात एका बाईचा आवाज प्रश्न विचारी. उत्तर बरोबर आलं की दिवा लागे, मंजुळ घंटी वाजे. चुकलं तर नुसती शांतता, आणि पुन्हा तोच प्रश्न.

“अर्थाच्या मागे लागू नका,” मास्तर बजावायचे. “भाषा म्हणजे सवय. प्रश्न कानी पडला की उत्तर निघालं पाहिजे. डोकं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवा.”

सगळे हसायचे. सिस्टर भराभर पुढे गेली. त्या घंटीची तिला चटकच लागली म्हणा ना.

एकदा सासूबाईंनी विचारलं, “आणखी वाढू का गं?” तिच्या तोंडून परक्या भाषेत खणखणीत वाक्य निघालं आणि ती ताटावरून उठली. हात धुताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या पोटात तर कावळे ओरडताहेत. धड्यातलं उत्तर होतं : ‘नको, माझं पोट भरलं.’

“काय म्हणालीस?”

“काही नाही, आई.” तिला परत पानावर बसायचं होतं, पण पाय वळेचनात.

पुढे वॉर्डात एक म्हातारा खलाशी दाखल झाला. मालवाहू जहाजावरून उतरवलेला, तापाने फणफणलेला. त्याची भाषा नेमकी तीच.

“घ्या, तुमचा पाहुणा आला!” डॉक्टर तिला म्हणाले.

दुपारी त्याने तिचं मनगट घट्ट धरलं आणि घाईघाईने काहीतरी सांगितलं. त्यातला ‘हवा’ हा शब्द तिला ओळखू आला. तिची पाठ ताठ झाली.

“होय, आज हवा छान आहे. आपण फिरायला जाऊ या.”

उच्चार कसा सुरेख! खलाशी तिच्याकडे पाहतच राहिला. तो पुन्हा बोलला. तिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही, नुसते ओठ हलले. तरी तिचं उत्तर आलंच. कानात घंटी वाजली. तिला किती बरं वाटलं!

“अहो सिस्टर!” आयाबाई किंचाळली. “ओठ बघा त्यांचे, निळे पडलेत!”

मग मात्र सिस्टरचे हात चालले. ऑक्सिजनचा मास्क चढला, डॉक्टर धावत आले. खलाशी वाचला.

त्याच संध्याकाळी तिने मास्तरांना गाठून सगळं सांगितलं.

“उच्चार कसा जमला?” त्यांनी उत्सुकतेने विचारलं.

“मास्तर, माणूस मरत होता!”

कप्प्यांमध्ये सगळ्यांचे ओठ एका लयीत हलत होते. तिने ओरडून विचारलं, “अहो, तुम्हाला कुणाला काही समजतंय का?”

कुणीही मान वर केली नाही. सगळे एकसुरात म्हणाले, “होय, आम्हाला सर्व समजतं.” ओळीने हिरवे दिवे लागले.

तिने वर्ग सोडला. परदेशच्या नोकरीसाठी द्यायची परीक्षा हुकली.

खलाशी बरा होईपर्यंत ती जमेल तेव्हा त्याच्या खाटेपाशी बसे. वस्तूंकडे बोट दाखवी, तो शब्द सांगे. ती ‘उशी’ला काहीतरी भलतंच म्हणाली, तेव्हा तो खोकला येईस्तोवर हसला.

घरी सोडण्याच्या दिवशी त्याने तिला काहीतरी विचारलं. तिच्या जिभेवर एक गुळगुळीत वाक्य आपणहून सरसावलं. तिने दात आवळले. तोंडात काहीतरी वळवळत राहिलं, बाहेर पडायला धडपडत राहिलं. ते शांत झाल्यावर तिने चाचपडत एकेक शब्द जोडला.

“तुम्ही... घर... कोण वाट बघतं?”

खलाशी खाटेवर परत टेकला आणि आपल्या मुलीबद्दल सांगू लागला. तिला निम्मं कळलं. उरलेलं तिने पुन्हा विचारलं.