आवडाबाईच्या पिवळ्या गोळ्या

कळव्यात लग्न ठरलं की लोक मुहूर्ताच्या आधी आवडाबाईला विचारून येत. आवडाबाई धवलारीण होती. मांडवात पाटावर बसून तिने ढवळे, म्हणजे लग्नाचा एकेक विधी सांगणारी गाणी, म्हणायला सुरुवात केली, की गावदेवीपासून समुद्रापर्यंत सगळ्यांना लग्नाचं आवतण पोचत असे. दुसऱ्या गावच्या धवलारणी मध्येच पान खायला उठत. आवडाबाई एकदा बसली की शेवटचा ढवळा संपेपर्यंत उठत नसे, अशी तिची ख्याती होती. त्यामागची युक्ती मात्र ती कुणाला सांगत नसे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे.

त्या वर्षी लग्नं फार झाली आणि आवडाबाईचे बरेच दिवस असे कोरडे गेले. एक दिवस लघवीला जळजळ सुरू झाली. तिने चार दिवस कुणाला कळू दिलं नाही. मग मात्र ओटीपोटात कळा येऊ लागल्या, अंगात कणकण भरली आणि घडीघडीला तिची परसात धाव सुरू झाली.

"काय गो," मिठागरावरून आलेल्या राघोने, तिच्या नवऱ्याने, विचारलं, "मागं काय पुरून ठेवलंस? सारखी बघाया जातंस ती!"

आवडाबाई एरवी त्याला सोडती ना. पण त्या दिवशी ती नुसती मटकन बसली आणि रडायला लागली. राघो घाबरला. त्याने टांगा आणला आणि तिला खाडीपलीकडे ठाण्याला प्रमोदिनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी लघवी तपासली, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"पितू की. लगीन नसलं म्हंजे."

बाईंनी तिच्याकडून सगळी युक्ती काढून घेतली. मग कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवडाबाई, तुमच्या लघवीच्या मार्गात जंतू शिरलेत. ही गोळी नवीनच आली आहे. जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नाही. पाणी भरपूर प्यायचं. लघवी लागली की लगेच उठायचं, दाबून ठेवायची नाही. लघवीचा रंग गडद होईल, त्याला घाबरू नका. पण अंगावर पुरळ उठलं किंवा दम लागला, तर गोळी बंद करून सरळ माझ्याकडे या. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची तर मुळीच नाही."

"जल्ला, येवढे नेम तर सत्यनारायनाला पन नाय," आवडाबाई म्हणाली आणि पिवळ्या गोळ्यांची पुडी कनवटीला लावून घरी आली.

घरी येईस्तोवर निम्मे नेम तिच्या डोक्यातून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून तिची किंकाळी आली. राघो कोयता घेऊन धावला.

"साप?"

"साप कुटला! मुताला हलद लागली!"

राघोला बाईंचं बोलणं आठवलं, तेव्हा कुठे ती शांत झाली. गोळ्या मात्र गुणाच्या निघाल्या. लवकरच जळजळ गेली, कळा थांबल्या, तिला गाणं सुचू लागलं. आता औषध कशाला, असं म्हणत तिने उरलेल्या गोळ्या शेजारच्या सखुबाईला देऊन टाकल्या. सखुबाईच्या नवऱ्याला खोकला होता.

आठवडा उलटायच्या आत दुखणं परत आलं, आणि आधीपेक्षा जोरात आलं. आवडाबाई कण्हत सखुबाईच्या दारात गेली.

"गो सखू, माज्या गोल्या दे परत."

"त्या कुटं आता? यांनी एक गिळली, खोकला काय जाईना. मंग बाकीच्या म्हशीला घातल्या. दूध कमी देत व्हती."

"मंग? वाढलं दूध?"

"नाय गो. पन माजलीय बघ!"

हे सगळं डॉक्टरीणबाईंना सांगताना राघोला हसू आवरेना आणि आवडाबाईने त्याला तिथेच चिमटा काढला. बाई मात्र हसल्या नाहीत.

"जळजळ थांबली म्हणजे जंतू मेले असं नाही. जे चिवट, ते दडून बसतात. तुम्ही गोळ्या सोडल्यात आणि तेच पुन्हा उठले. आता मी सांगेन तोवर घ्यायच्या. आणि पाणी!"

"पन बाय, गोपीनाथाकडचं लगीन हाय. मांडवात बसायचंय मना."

"मग मांडवात प्या. आणि लागली की उठा."

धवलारीण मध्येच उठणार! त्यापेक्षा तिला मेलेलं परवडलं असतं. पण त्या कळा आठवल्या आणि तिने गुपचूप मान हलवली.

गोपीनाथ मिठागरांचा मालक, तापट माणूस. त्याच्या मुलीच्या हळदीला अख्खा गाव लोटला होता. आवडाबाई भाकरी खाऊन, गोळी घेऊन, तांब्याभर पाणी रिचवून पाटावर बसली. वर आणखी एक तांब्या शेजारी ठेवून घेतला. देवांना आवतण गेलं, पितरांना गेलं, आणि नेमकी समुद्राला बोलावणं धाडताना तिला लागली.

तिने सूर ओढून धरला. घाम फुटला. समोर हळदीने माखलेली नवरी बसली होती, तीही सारखी चुळबुळ करत होती. आवडाबाईने नीट पाहिलं. नवरीच नव्हे, करवल्या, मावश्या, नवऱ्याकडच्या पाहुण्या, सगळ्याच बाया एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होत्या. पहाटेपासून इतक्या पुरुषांसमोरून उठून जायची कुणाची छाती झाली नव्हती.

तिने ताल न तोडता नवा ढवळा जोडला. आता नवरीने समद्या बायांना घेऊन मागल्या वाडीत जावं, आंब्याला पाणी घालावं. पुरुषांनी खाडीकडं तोंड करून उभं ऱ्हावं, मागं वळून बघील त्याच्या मिठाचं पाणी होईल.

"हा कुटला विधी?" गोपीनाथ गुरकावला.

"जुना हाय," आवडाबाई उठत म्हणाली. "लोक इसरले. तू नारल धर, तू राखनदार."

मिठाचं पाणी होईल या धाकाने गोपीनाथाने पुढे होऊन नारळ उचलला. तो नारळ छातीशी धरून खाडीकडे बघत ताठ उभा राहिला. त्याच्यामागे सगळे पुरुष रांगेत. वाडीत गेलेल्या बाया बराच वेळ आल्या नाहीत. नुसतं हसणं ऐकू येत होतं. परत आल्या तेव्हा प्रत्येकीचा चेहरा उजळला होता. नवरी आवडाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "आत्ये, तुजं लई पुन्य झालं."

आवडाबाईने गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या. बाईंनी पुन्हा लघवी तपासली, ती निर्मळ निघाली. तेव्हा तिने मांडवातली हकिकत सांगितली आणि त्या वेळी मात्र डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी राहिल्या.

पुढच्या वर्षी गोपीनाथाच्या मुलाचं लग्न निघालं. आवडाबाईला सांगायला तो स्वतः आला आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "आनि तो वाडीतला विधी चुकवू नको गो. नारल मीच धरनार!"