अण्णाजींच्या घरचा चारचा गजर

मी एक जुनं गजराचं घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंटा, पोटात किल्लीनं ताणायच्या दोन कमानी. मित्रांनो, त्यातली एक कमान वेळ चालवते आणि दुसरी लोकांची झोप मोडते. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी तयार झालो; पण तिथलं काही सांगण्यासारखं नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते वर्ध्याच्या बाजारात, १९५३च्या दिवाळीनंतर. सेलूजवळच्या एका गावचे शेतकरी अण्णाजी मला धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आले.

अण्णाजी त्याआधी चार दिवस वर्ध्याजवळच्या आश्रमात जाऊन आले होते. पहाटे चारला सगळे उठतात, प्रार्थना करतात, सूत कातायला बसतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि ते भारावून परतले. घरात हुकूम सुटला: उद्यापासून आपणही चारला उठायचं. आपण म्हणजे अण्णाजी, त्यांची बायको लीलाबाई आणि नऊ वर्षांची मुलगी सुलोचना.

पहिला महिना माझं फार कौतुक झालं. शेजारीपाजारी मला बघायला येत आणि अण्णाजी ते कौतुक असं झेलत, जणू माझी चाकं त्यांनीच बसवली होती.

पण मला मोजण्याची खोड आहे. अण्णाजींच्या ओसरीवर रोज रात्री खंजिरी भजन बसायचं. मुख्य गाणारे अण्णाजीच, त्यामुळे अकराशिवाय कोणी उठायचं नाही. सुलोचना आतल्या खोलीत वाकळ डोक्यावरून घ्यायची. पण वाकळीनं खंजिरी थोडीच अडते? अकराला डोळा लागायचा आणि चारला मी ओरडायचो. पाच तास. तिच्या वयाला हव्या तेवढ्या झोपेच्या जेमतेम निम्मे. अण्णाजी स्वतः उरलेली झोप दुपारी वावरातल्या बाभळीखाली पुरी करून घेत. शाळेत बाभूळ नव्हती.

शाळेत सूत कातताना सुलोचनाच्या हातातली टकळी फिरता फिरता थांबायची आणि धागा तुटायचा. एका संध्याकाळी बाबाराव गुरुजी घरी आले.

"अण्णाजी, पोरगी वर्गात झोपते. कालचा पाढा आज इसरते. चौथीच्या परीक्षेले तिले बसवू का नोको, हाच इचार करून राह्यलो."

"आळशी झाली, गुरुजी! चारले उठूनबी अशी? नसन जमत त सोडन शाळा. पोरगी येईन वावरात निंदाले."

दाराआड सुलोचना उभी होती. तिनं ते ऐकलं. मीही ऐकलं. त्या रात्री अण्णाजींनी पाढे पाठ करायला वेळ मिळावा म्हणून माझा गजराचा काटा अर्धा तास मागे नेला. साडेतीन!

दुसऱ्या रात्री लीलाबाईंनी मला गुपचूप ज्वारीच्या पिंपात पुरलं. मी तिथूनही वाजलो. पिंप असं घुमू लागलं की गोठ्यातले बैल उठले. अण्णाजींनी मला दाण्यांतून उपसून काढलं.

"काऊन वं, घड्याळाले भूक लागली होती का?"

"भूक नाई. झोप येऊन राह्यली त्याले. तुमच्या पोरीसारखी."

अण्णाजींना ते ऐकू आलं, पण समजलं नाही. मी परत कोनाड्यात, काटा साडेतीनवर.

फाल्गुनात गावोगावचं सूत गोळा करत आश्रमातले प्रेमदासजी मुक्कामाला आले. अण्णाजींचा आनंद घरात मावेना. पाहुण्यांना आपलं गाणं ऐकवायचं म्हणून त्यांनी भजनाची मंडळी लवकरच बोलावली. जेवणं झाली, साडेआठ वाजले, आणि प्रेमदासजींनी विचारलं, "माझं अंथरूण कुठं हाय जी?"

"अंथरूण? अजी, भजन त आत्ता सुरू होते!"

"होऊ द्या न. मी झोपतो. नऊनंतर आमी कोनी जागत नाई. जागलो त चारले उठन कोन?"

मग खंजिरीवाला तानबा खुसखुसला. "म्हणजे अण्णाजी, तुमी तिथली पहाट तेवढी आनली अन् रात्र तिथंच ठेवून आले!"

सगळे हसले. अण्णाजींचे कान लाल झाले. "मी पहाटे गेलतो, दुपारी जेवून वापस आलतो. रात्रीचं मले कोनी सांगतलंच नाई!"

"मले इचारलं असतं त सांगतलं असतं," लीलाबाई दारातून म्हणाल्या. "पाच तास झोपत होती पोरगी. आता साडेचारच."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला आलेली सुलोचना खांबाला टेकून उभ्याउभ्याच झोपली होती. तांब्या कलला होता आणि पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं. तिला पत्ता नव्हता.

अण्णाजी उठले. त्यांनी तांब्या काढून घेतला, पोरीला उचललं आणि आत नेऊन निजवलं. बाहेर येऊन ते मंडळींना एवढंच म्हणाले, "आज राहू द्या."

माणूस हट्टी, घड्याळ आणलं ते वाजलं पाहिजेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा काटा फिरवला तो रात्रीच्या साडेआठवर. दिवेलागणीला भजन बसायचं, आणि मी वाजलो की खंजिरी पिशवीत. "भजनालेबी घंटा!" म्हणून तानबा आठवडाभर कुरकुरला. सकाळी सुलोचनाला कोणी उठवेना. पहिले काही दिवस ती ऊन अंगणात येईपर्यंत झोपली, मग आपली आपण सहाला उठू लागली. गुरुजींनी तिला परीक्षेला बसवलं. पहिली नाही आली, मध्येच कुठेतरी आली. पण पाचवीच्या वर्गात जाऊन बसली.

आता माझी एक घंटा सैल झाली आहे आणि मी रोज थोडा मागे पडतो. मित्रांनो, मला पुसा, कधी तेलाचा थेंब द्या, मी नाही म्हणणार नाही. पण घरात मला पहाटेला लावाल, तेव्हा त्या घरातलं लहान मूल रात्री किती वाजता झोपलं ते आधी बघा. काटा जिथे ठेवाल तिथे मी वाजणारच. समोर कोण झोपलंय ते मला दिसतं. पण मला थांबता येत नाही.