अजिंक्यताऱ्यावरचा पांढरा ठिपका

मी एक ड्रोन बोलतोय. चार पंखे, पोटाखाली एक डोळा आणि मुठीत मावेल एवढी बॅटरी, एवढाच माझा संसार. सध्या मुक्काम सांगलीत, विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात वरच्या फळीवर. माझा एक हात मोडलाय. मला आता उडता येत नाही, पण दिसतं सगळं. आणि जे दिसतं ते सांगता येत नाही, हे माझं जुनंच दुखणं. ते कसं जडलं, तेच सांगतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. पहिली आठवण आहे ती खोका उघडल्याची. अंकिता साबळेचा चेहरा माझ्यावर वाकला होता. ती लग्नाचे, बारशाचे फोटो काढायची. तिच्या मागून एक म्हातारा डोकावला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, मिशीला पीळ.

"ह्यो भुंगा काय करनार गं?"

"वरनं फोटो काढणार, आबा."

"आमी डोंगर चढून बघायचो, पल्याड कोन हाय त्ये. ह्यो बसल्या जागी बघतोय व्हय? लय झाक."

ते तिचे वडील, सुभेदार भाऊसो साबळे. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. बायको गेल्यावर साताऱ्याकडचं गाव सोडून लेकीकडे राहायला आले होते. त्या दिवसापासून माझं नाव भुंग्या पडलं. कंपनीनं दिलेलं नाव फक्त खोक्यावर राहिलं.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. मी आयर्विन पुलावरून उडालो, कृष्णेचा घाट पाहिला, गणपती मंदिराचं शिखर पाहिलं. माणसं खालून मला हात करायची. एक गंमत मी तेव्हाच हेरली. माणसं वर माझ्याकडे बघतात, नाहीतर हातातल्या पडद्याकडे. शेजारच्याकडे बघणारा एखादाच.

दुसऱ्या वर्षी आबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते. मग एकदा ते विश्रामबागेच्या चौकात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारू लागले, "पलटन कुठं गेली?" त्यानंतर अंकितानं त्यांना घरात एकटं ठेवणं सोडलं. कामावर जाईल तिथं बरोबर न्यायची. सावलीत खुर्ची टाकायची, हातात बिस्किटाचा पुडा द्यायची आणि दर पाच मिनिटांनी हाक मारायची, "आबा, आहात ना?" आबा म्हणायचे, "हाय की!"

मागच्या नोव्हेंबरात तिला मोठं काम मिळालं. एका संस्थेला सातारा नि सांगलीच्या जुन्या वास्तूंचं प्रदर्शन भरवायचं होतं. सांगलीचे फोटो झाले. साताऱ्यात संगम माहुलीची देवळं झाली, चार भिंतीचं स्मारक झालं. राहिला अजिंक्यतारा. परवानगीचा कागद एकाच दिवसाचा होता.

गाडी किल्ल्याचा घाट चढू लागली तसे आबा ताठ बसले. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे जागे झाले होते.

"भरतीच्या आधी रोज ह्या गडावर पळत याचो मी. दक्षिण दरवाजानं. माज्या आईच्या म्हायेरचं गाव त्या अंगालाच की."

"माहीत आहे, आबा."

"छाती फुगली पायजे. न्हाईतर सायेब नंबर कापतोय."

अंकिता हसली. फार दिवसांनी हसली.

तिनं त्यांना मंगळाईच्या देवळापाशी झाडाखाली बसवलं आणि आपण बुरुजावर गेली. महादरवाजा, तळी, तट, खाली पसरलेलं सातारा शहर, सगळं मी टिपत गेलो. तीन बॅटऱ्यांपैकी दोन संपल्या. उन्हं कलली, तटाचा दगड तांबूस झाला. "भुंग्या, हाच उजेड! हाच पायजे होता मला!" ती पडद्यावर वाकली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. तिनं हाक मारली नाही.

आणि मी वरून पाहिलं. आबा उठले. सदरा झटकला. छाती पुढं काढली आणि दक्षिण दरवाजाच्या दिशेनं दुडक्या चालीनं निघाले.

मी पाहिलं हो! पण माझ्याजवळ आवाज किती? चालू झाल्याचा एक, वाऱ्याच्या इशाऱ्याचा एक, बॅटरी संपत आल्याचा एक. "तुझा बाप चाललाय" हे सांगणारा आवाज मला कुणी दिलाच नव्हता. मी फक्त फोटो काढत राहिलो.

ती खाली आली तेव्हा झाडाखाली बिस्किटाचा पुडा होता आणि मुंग्या होत्या.

"आबा!"

नेहमीचं "हाय की" आलं नाही.

ती देवळात धावली, तळ्यांवर धावली. पाण्यात वाकून वाकून पाहिलं. मी तिच्या गळ्यात पट्ट्याला लटकत होतो, तिचं काळीज माझ्यावर आपटत होतं. फिरायला आलेल्यांना विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांना फोन केला. ते म्हणाले निघतो, पण घाट चढून यायला वेळ लागणार. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला.

शेवटी शेळ्या घेऊन परतणारा एक धनगर भेटला. कोंडीबा त्याचं नाव. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे काठी रोखली.

"ताई, हे यंतर आबाळातनं बघतंय न्हवं? मग ह्येनं कायतरी बघितलं आसंल की."

अंकिता तिथंच खाली बसली. एकेक फोटो मागे नेऊ लागली. तांबूस तटाचा, तिला सगळ्यात आवडलेला फोटो आला. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात, दक्षिण दरवाजाच्या तोंडाशी, एक पांढरा ठिपका होता.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी विसरू शकत नाही.

कोंडीबाचा चेहरा उतरला. "त्या अंगाला जुनी वाट हुती. आता निसत्या करवंदीच्या जाळ्या. खाली घळ हाय, ताई."

"मामा, तुम्ही उतराल? मी याला वरून सोडते. हा जिथं थांबेल तिथं आबा असतील. याच्या आवाजावर या."

"उतरतो. तुमी फकस्त त्येला हलू देऊ नगा."

तिसरी बॅटरी निम्मी होती. सूर्य डोंगराला टेकत होता. मी दरवाजावरून खाली झेपावलो. जाळ्या, दगड, सावल्या. एका काट्यावर पांढरी टोपी अडकलेली दिसली आणि अंकिता बुरुजावर हुंदका देऊन म्हणाली, "पुढं जा, भुंग्या, पुढं जा." मी पुढं गेलो. पुन्हा जाळ्या. एक फेरी फुकट गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या फेरीला ते दिसले.

घळीच्या काठावर, एका अरुंद टप्प्यावर आबा पडले होते. उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला. टप्प्याखाली काहीच नव्हतं. त्यांनी मला पाहिलं आणि आडवे असतानाच मला सलाम ठोकला. मग उठायची धडपड सुरू केली.

"उठू नका आबा, उठू नका!" अंकिता बसलेल्या आवाजात वरून ओरडत होती. इतक्या लांबून त्यांना काय ऐकू जाणार?

मी त्यांच्या डोक्यावर स्थिर झालो. जाळ्यांमधून काठीचा आवाज येत होता, पण अजून लांब. तेवढ्यात माझी बॅटरी बोलू लागली. माझ्यात एक सवय घातलेली आहे. बॅटरी उतरली की आपोआप घराकडे, म्हणजे जिथून उडालो त्या जागी, वळायचं. मी वळलो. अंकितानं बटण दाबून मला थांबवलं. पुन्हा वळलो, पुन्हा थांबवलं. मग परत वळण्याइतकीही ताकद उरली नाही आणि मी आपोआप खाली उतरू लागलो. तिनं रिमोटची दांडी वर रेटून धरली. "एकच मिनिट, भुंग्या. एकच मिनिट रे."

ते मिनिट मी कुठून आणलं, मला माहीत नाही. करवंदीची जाळी बाजूला झाली आणि कोंडीबाचं मुंडासं दिसलं.

आबांनी त्याला पाहून विचारलं, "सायेब, माजा नंबर आला का?"

कोंडीबा साहेबासारखा खणखणीत आवाजात म्हणाला, "आला, आला! पर जागचं हलायचं न्हाई. मी सांगीन तवाच उठायचं!"

आबा गप्प पडून राहिले. कोंडीबानं त्यांच्या काखेत हात घातला, आणि माझे पंखे थांबले. मी दगडावर आदळलो.

पोलिसांबरोबर दोर घेऊन आलेल्या पोरांनी आबांना वर आणलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मागाहून कोंडीबानं मलाही घोंगड्यात गुंडाळून आणलं आणि अंकिताच्या हातात ठेवलं. "लय गुनाचं यंतर हाय, ताई. संबाळा."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण आबा पुन्हा उभे राहिले नाहीत. आता ते मागच्या खोलीत असतात, कठडा लावलेल्या लोखंडी पलंगावर. लेकीला कधी ओळखतात, कधी नाही.

येणारे-जाणारे म्हणतात, "ड्रोन होता म्हणून सापडले हो!" अंकिता मान हलवते. ते गेले की कपाटाशी येते, काचेला कपाळ टेकते आणि पुटपुटते, "तू नसतास तर हरवलेच नसते." दोन्ही खरं आहे. मी कुणाशी भांडू?

प्रदर्शनाला ती गेली नाही. कामं सोडली. रोज दुपारी ती समोरच्या टेबलाशी बसते, लॅपटॉपवर तोच फोटो उघडते आणि तो ठिपका मोठा करत राहते. चौकोन चौकोन दिसेपर्यंत मोठा करते. कानांवर हेडफोन असतात. त्यातून गाणं येत नाही. जग ऐकू येऊ नये म्हणून ती ते लावते, एवढंच.

आत्ताही ती तशीच बसलीय. माझ्या फळीवरून तिची पाठ दिसते आणि तिच्यापलीकडे, उघड्या दारातून, मागची खोली दिसते.

आबा जागे झालेत. आज त्यांचे डोळे जागे आहेत. त्यांनी दोनदा हाक मारली, "अंके, ए अंके." मोहिमेवरचं नाव नाही, पलटणीचं नाही, लेकीचं नाव. महिन्याभरात पहिल्यांदा.

तिला ऐकू गेलं नाही.

त्यांनी कठड्याला हात घातलाय. एक पाय बाहेर काढलाय. फरशी खाली फार लांब आहे.

माझ्यात बॅटरी नाही, पंखा नाही, आवाज तर कधी नव्हताच. हे वाचणाऱ्या माणसा, तुला आवाज आहे. तूच तिला हाक मार. सांग, तो फोटो कुठं पळून जात नाही. सांग, त्यांनी तुझं नाव घेतलंय.

अंकिता, ऊठ.