शालूची प्रतिकूल बाजू

शालू शनिवारी दुपारी धावड्याच्या फाट्यावर एस.टी.तून उतरली, पण तिच्या आधीच तिचा आवाज गावात येऊन पोचला होता. जाफराबादला मावशीकडे राहून ती बी.ए. करत होती. तिथं कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेत ती बोलली, कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि फिरत फिरत ते गावच्या ग्रुपवर आलं. शालू हात उंचावून म्हणत होती, ‘शेजारी देशाचा अणुबॉम्ब हा आपल्याला खरा धोका नाही!’ खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘फौजीची बहीण काय म्हणून राह्यली ऐका.’

शालूचा थोरला भाऊ सोमीनाथ फौजेत होता आणि त्याची पलटण जम्मूकडे सरहद्दीवर होती.

नंदाबाईनं लेकीचा तो व्हिडिओ शेजारच्या गोजरबाईच्या मोबाइलवर पाहिला. पोरीचा आवाज किती ठणठणीत आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. मग पोरगी काय बोलते आहे ते कळलं आणि तिनं मोबाइल गोजरबाईला परत दिला. मागच्या मे महिन्यात सरहद्दीवर लढाई पेटली आणि टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजत होते, तेव्हा नंदाबाईनं टीव्हीची वायर उपटून धान्याच्या कोठीत टाकली होती आणि पावसाळा लागेपर्यंत कुणाला दिली नव्हती. तिच्या पोटची पोरगी आता धोका नाही म्हणत होती.

शालू घरात शिरली तशी नंदाबाईनं पाण्याचा तांब्याही पुढं केला नाही.

“असं कशापायी बोलली गं?”

“स्पर्धा असती ती, माय. कॉलेजची दोघांची जोडी जाती. एकानं अनुकूल बोलायचं, म्हंजे धोका हाय. दुसऱ्यानं प्रतिकूल, म्हंजे धोका न्हाई. चिठ्ठ्या टाकल्या, मला प्रतिकूल निघालं. केदारला अनुकूल. आमची जोडी पहिली आली. मंगळवारी जालन्याला फायनल हाय.”

नंदाबाईच्या जिवात जीव आला. “म्हंजे चिठ्ठीत निघालं म्हणून बोलली. मंग तेवढं सांगून टाक ना लोकायला.”

शालूनं बॅग खुंटीला अडकवली.

“पहिल्यानं चिठ्ठीत निघालं म्हणूनच बोलायला घेतलं, माय. मंग वाचलं. वाचता वाचता पटलं.”

संध्याकाळी राधेश्याम आला. तो शालूच्या बापाचा, पुंजारामचा चुलतभाऊ, एकदा उपसरपंच झालेला, आणि भावकीतली कुठलीही अडचण आपल्यावाचून सुटत नाही अशी खात्री असलेला. माणूस वाईट नव्हता. अंगणातल्या बाजेवर बसत तो म्हणाला, “वहिनी, मी समदं बराबर जमवून आणलंय. परवा सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाला फौजीची माय म्हणून तुमचा सत्कार. तुमी माइकवर दोन शब्द बोलायचे, ‘लेक लहान हाय, चुकली, पदरात घ्या.’ बस. गावाचं तोंड बंद.”

“आन जालना?” शालूनं विचारलं.

“जालन्याला जा की! मी कुठं अडवून राह्यलो? फकस्त त्या पोराकडून बाजू बदलून घे. तू म्हण धोका हाय, तो म्हणंल न्हाई. त्याचा भाऊ थोडाच फौजेत हाय.”

“न्हाई बदलणार, काका.”

“मंग जाऊ बी नको.” राधेश्यामनं पुंजारामकडं पाहिलं. “काय, दादा?”

पुंजाराम तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. शालूचा बाप आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नव्हता, आणि सहसा कुणाला हो म्हणून गुंतलाही नव्हता. “तिची माय म्हणंल तसं,” तो म्हणाला आणि पुढची शेंग उचलली.

असं सगळं नंदाबाईच्या गळ्यात आलं.

रविवारी सकाळी केदार मोटारसायकलवर जाफराबादहून आला. त्याला कुणीतरी सगळं कळवलं होतं. उंच, चष्मा लावलेला, बोलायला गोड पोरगा. “काकू, उद्या संध्याकाळपर्यंत नावं बदलता येतात,” तो नंदाबाईला म्हणाला. “मला दोन्ही बाजू पाठ आहेत.”

“पाठ असणं येगळं, पटणं येगळं,” शालू आतून म्हणाली.

“तुला पटलंय, पण चूक आहे ते. काकू, तुम्हीच ऐका. त्यांच्याकडं बॉम्ब आहे म्हणून त्यांचे बंदूकवाले आपल्याकडं निर्धास्त घुसतात. आपण फार पुढं जाऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. ‘आम्ही आधी वापरणार नाही’ असं आपण म्हणतो, ते तसं म्हणत नाहीत. याला धोका नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?”

शालू परातीतलं पीठ तसंच सोडून बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. “मंग तो धोका बंदूकवाल्याचा झाला. बॉम्बचा कसा?”

“बॉम्बच्या आडोशानं येतो ना तो!”

“आन मे महिन्यात आपण गेलोच ना, आडोसा असून? आन मंग दोघं बी थांबले का न्हाई?”

“नशिबानं थांबले.”

“भीतीनं थांबले. त्यांच्या बी आन आपल्या बी. दुश्मनी एवढी, तरी दर वर्षी एक जानेवारीला आपले अणूचे कारखाने कुठं कुठं हायेत ते दोघं एकमेकाला लिहून देतात, त्याच्यावर हल्ला करायचा न्हाई म्हणून. कारगिलनंतर दिलं, औंदा बी दिलं.”

“ती काय दोस्ती आहे का?”

“दोस्ती कोण म्हणतंय? आपलं घर जळू नये एवढी अक्कल हाय, एवढंच म्हणून राह्यले मी.”

नंदाबाई उंबऱ्यात बसून एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहत होती. दोघांचंही तिला खरंच वाटत होतं, आणि त्यामुळं तिचा जीव आणखीनच घाबरा होत होता. केदारला चहा देऊन लावून दिल्यावर तिनं लेकीला चुलीपाशी गाठलं.

“त्या पोरासंगं भांडली तसं माझ्यासंगं बोलू नको. मला खरं सांग. माझ्या सोम्याला धोका हाय का न्हाई?”

शालूनं मान खाली घातली. आईला बरं वाटेल असं काहीतरी ती सांगेल, असं नंदाबाईला वाटलं. सगळे तेच सांगत आले होते.

“बॉम्बचा न्हाई, माय. गोळीचा हाय. तो रोज हाय.”

नंदाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपलेली होती. तिनं ती बाजूला ठेवली, दुसरी थापायला घेतली आणि तिला रडू आलं. पण रडता रडता तिला जाणवलं, की सोमीनाथ फौजेत गेल्यापासून तिच्याशी एवढं सरळ कुणीच बोललं नव्हतं. बाकीचे सगळे ‘अभिमान वाटतो’ म्हणायचे आणि निघून जायचे.

तरी जालन्याला जा की नको, ते तिनं लेकीला सांगितलं नाही. गावात राहायचं होतं, आणि राधेश्याम म्हणतो तसं दोन शब्द बोलून सुटका होणार असेल तर काय बिघडतं, असंही मन म्हणत होतं.

सोमवारी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन शाळेकडं निघाली. मारुतीच्या देवळापाशी सगळे घोळका करून उभे होते. राधेश्यामनं फ्लेक्स लावला होता, चांगला दोन खांबांना ताणून बांधलेला.

फ्लेक्सवाल्यांकडं चित्रं तयार असतात. वाढदिवसाचं, निवडणुकीचं, श्रद्धांजलीचं. फोटो आणि नाव बदललं की झालं. राधेश्यामनं भोकरदनला फोन करून सांगितलं होतं, “फौजीचा फोटो टाक, झेंडा टाक, फुलं टाक, जरा जोरदार कर.” त्या दुकानात फौजीचं तयार असं एकच चित्र होतं.

सोमीनाथ झेंडूच्या हारात होता. दोन बाजूंना दोन समया पेटलेल्या. वर तिरंगा, खाली मोठ्या अक्षरात ‘धावड्याचा सुपुत्र’. माणसं समोर उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. नाव बरोबर आहे, फोटो स्वच्छ आला आहे, रंग उठून दिसतो आहे, असं चाललं होतं.

नंदाबाई जागीच थांबली. शालूनं तिचा दंड धरला.

“भाऊजी,” नंदाबाई म्हणाली, “ते काढा.”

राधेश्यामला आधी कळेना. मग त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “च्यायला, ह्या पोरानं... वहिनी, गलती झाली बिलकुल. कार्यक्रम उरकू द्या, मंग काढू. झेंड्याची वेळ झाली, सायेब येऊन बसले.”

“आत्ता काढा.”

“वहिनी, माणसं पाहून राह्यली—”

“माणसं कवापासून पाहून राह्यली!”

तिनं पायातल्या चपला काढल्या, देवळाच्या ओट्यावर चढली आणि सुतळीच्या गाठीला हात घातला. गाठ पक्की होती. ती नखांनी, मग दातांनी सोडवू लागली. पलीकडच्या खांबाकडं कोणी गेलं नव्हतं. पुंजाराम गेला. कुणी काही न सांगता त्यानं दुसरी गाठ सोडली, आणि फ्लेक्स धप्पकन खाली आला. त्यानं तो घडी घालून काखेत धरला.

झेंडावंदन झालं. पोरांनी राष्ट्रगीत म्हटलं. मग राधेश्यामनं, काय होणार ते कळत असूनही, नंदाबाईचं नाव पुकारलं. आधीच ठरलेलं बदलायचं त्याला सुचलं नाही. शाल, नारळ झालं आणि माइक नंदाबाईच्या हातात आला. तो इतका जड असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“माझा सोमीनाथ जित्ता हाय,” ती म्हणाली. भोंग्यातून आलेल्या स्वतःच्या आवाजानं ती दचकली, पण थांबली नाही. “परवा फोनवर म्हशीचं विचारून राह्यला होता. तुमी समद्यांनी त्याला हारात घातलेला पाहिला. फोटो काढले. एकाच्या बी काळजाला काटा लागला न्हाई. आन मरण टळतं कसं, हे माझी पोरगी शिकून आली तर ती गद्दार! मला म्हणले, माफी माग. कशाची मागू? चिठ्ठी तिनं उचलली, पण बोलणं तिचंच हाय. उद्या ती जालन्याला जाणार, आन मी बी जाणार. ज्याला तिचं खोटं वाटतं त्यानं तिच्या सामने उभं राहून खोडून काढावं. मोबाइलमधून न्हाई.”

तिनं माइक परत दिला. कुणी टाळी वाजवली नाही. मागून गोजरबाई एकटीच मोठ्यानं म्हणाली, “बराबर हाय की!”

मंगळवारी माय-लेकी भर चौकातून चालत फाट्यावर गेल्या आणि एस.टी.त बसल्या. पहाटेच्या जीपनं गपचूप जाता आलं असतं. पुंजाराम तसं सुचवूनही पाहत होता. नंदाबाईनं ऐकलं नाही.

स्पर्धा नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूच्या एका हॉलमध्ये होती. दारात केदार भेटला. शालूला बाजूला घेऊन तो कुजबुजला, “भाषणात दादाचं सांग. ‘माझा भाऊ सरहद्दीवर आहे आणि तरीही मी म्हणते’, असं. परीक्षक वितळतील. करंडक आपला.”

“दादाला मार्कासाठी न्हाई आणणार मी,” शालू म्हणाली.

नंदाबाई पहिल्या रांगेत बसली. केदार छान बोलला, आणि तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण तो बोलला त्यातलं बरंचसं तिला अजूनही खरं वाटत होतं. मग शालू उभी राहिली. भावाचं नाव तिनं घेतलं नाही. हॉलमध्ये कुणीतरी मागून ‘हूं’ केलं, कुणी हसलं. शालूनं त्या बाजूला तोंड करून ‘अणुबॉम्ब हा खरा धोका नाही’ हे वाक्य पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा सावकाश.

करंडक अंबडच्या जोडीला गेला. केदारला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. शालूला काही नाही.

संध्याकाळी फाट्यावर उतरल्या तर राधेश्याम टपरीपाशी उभा. “काय झालं, वहिनी? आला का करंडक?”

“न्हाई आला.”

“म्हणून म्हणत होतो मी—”

“भाऊजी, पोरगी हारली हाय, वाकली न्हाई. पुढच्या साली बी जाईल. तुमाला काय वाटतं ते तिला आत्ता विचारा. ही काय, सामने उभी हाय.”

राधेश्यामनं टपरीवाल्याकडं पाहिलं. टपरीवाला कप विसळत राहिला. शेवटी राधेश्याम म्हणाला, “मी काय एवढं वाचलेलं न्हाई.”

माय-लेकी गावाच्या वाटेला लागल्या. दोन्हीकडं कापसाच्या पऱ्हाट्या सुकून उभ्या होत्या. नंदाबाईनं मधेच विचारलं.

“ते भीतीनं थांबले म्हणती ना तू? मला न्हाई पटलं बराबर. एखाद्या दिवशी एखाद्याला भीतीच न्हाई वाटली, मंग?”

शालू चालता चालता थांबली. “हे तिथं कुणीच विचारलं न्हाई, माय.”

“मी विचारून राह्यली ना. जबाब दे.”

शालूनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, थोडा विचार केला आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला नंदाबाईनं तिला अडवलं.