'पण' म्हटलं की घंटी

माप न घेता कापड कापणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. त्यामुळे संहिता नाही, पाठांतर नाही, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं, असल्या नाटकाच्या वर्गाला सूनबाईनं मला ओढत नेलं, तेव्हा माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं.

"नुसतं बघा हो आई," ती म्हणाली. "भिंतीसुद्धा कंटाळल्यात आपल्या दोघींना."

मुलगा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती दवाखान्यात रक्त तपासते, मी पुढच्या खोलीत शिलाई करते.

वर्ग छापखान्यावरच्या हॉलमध्ये भरायचा. आम्ही जिना चढून दाराशी पोचलो, तर आतून एक प्लंबर आणि बँकेतल्या एक जाडजूड कॅशियरबाई कपाट घेऊन बाहेर येत होते. कपाट नव्हतंच. दोघांचे हात रिकामे. तरी प्लंबरच्या मानेवरची शीर फुगलेली, आणि कॅशियरबाई "सावकाश, कोपरा लागेल" म्हणत उलट्या पावली मागे येत होत्या. मी अंग चोरून भिंतीला चिकटले आणि कपाटाला वाट दिली. ते पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. खरं सांगते, अंगावर काटा आला. उभा जन्म मी कापडातून माणसाचं अंग उभं करण्यात घालवला. इथं कापडसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून मीही वर्गात. सरांचा नियम एकच. समोरचा जे देईल ते घ्यायचं आणि त्यात आपलं घालायचं. तो म्हणाला पाऊस पडतोय, की आपण छत्री उघडायची. 'पण ऊन आहे' म्हटलं की खेळ मेला. म्हणून 'पण' म्हटलं की सर टेबलावरची घंटी वाजवायचे, आणि बोलणाऱ्यानं गुपचूप खाली बसायचं. सगळ्यात जास्त घंट्या माझ्याच वाट्याला आल्या.

"मावशी, जिभेला 'पण' टाचून आणलाय का घरून?" सर विचारायचे.

सरांच्या टेबलाशेजारी एक अभ्यासवाली मुलगी बसायची. माणसं एकत्र जमून नसलेली गोष्ट कशी उभी करतात, यावर विद्यापीठात तिचा अभ्यास चालला होता. आपण फक्त बघायचं, मधे पडायचं नाही, ही तिच्या कामाची शिस्त. सुरुवातीला मी तिला ताकास तूर लागू दिला नाही. काय गं बाई, माणसं म्हणजे काय पिंजऱ्यातले पोपट? एकदा मात्र चहा पिताना तिनंच विचारलं, "तुम्ही सगळे 'मीसुद्धा' का म्हणता? बाहेर तर लोक 'मी पण' म्हणतात."

खरंच की. 'पण' दोन आहेत, एक आडवा येणारा आणि एक सोबत येणारा. घंटीच्या धाकानं आम्ही चोराबरोबर संन्याशालाही फाशी दिली होती. सर हसले आणि म्हणाले, "खेळाच्या भरात कुठला 'पण' ते कोण बघत बसणार? दोन्हींना घंटी."

घरात मात्र पहिल्या 'पण'चंच राज्य होतं. सूनबाईला लांबच्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बोलावलं होतं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. जेवताना ती म्हणायची, "जावंसं वाटतंय, पण..." मी म्हणायची, "जा की, पण..." पुढे दोघी ताटात बघायचो. मला तिच्याशिवाय राहायचं नव्हतं. हे तुम्हाला सांगते, तिला सांगायला जीभ रेटत नव्हती. तरुण पोरीच्या गळ्यात लोढणं कशाला व्हायचं? ती आपणहून 'चला' म्हणेल म्हणून मी वाट बघत होते, आणि ती म्हणत नव्हती.

रविवारी संध्याकाळी वर्गाचा प्रयोग होता. हॉल भरलेला. सरांनी लोकांकडे जागा मागितली, कुणीतरी म्हणालं, "बसस्टॉप." सरांनी नेमकं आम्हा दोघींना पुढे काढलं. "एकमेकींना ओळखत नाही तुम्ही," एवढंच म्हणाले.

आम्ही रिकाम्या रंगमंचावर बसची वाट बघत उभ्या राहिलो.

"लांब चाललेय मी," सूनबाई म्हणाली, माझ्याकडे न बघता. "कायमची."

"बरं," मी म्हणाले. "आणि घरी कोण?"

"सासूबाई आहेत. त्यांना सोबत न्यायचंय मला. विचारायचा धीर होत नाही. त्यांचं घर, त्यांची गिऱ्हाइकं, मुलाच्या आठवणी, सगळं इथंच आहे. माझ्यासाठी त्यांनी का उठावं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कुठे निघालात?"

सुचेल ते बोलायचं असतं, आणि मला एकच सुचत होतं.

"मी पण तिकडेच."

सवयीनं सरांचा हात घंटीवर आपटायला खाली आला. त्याआधीच अभ्यासवालीनं आपला तळवा घंटीवर ठेवला होता. फटका तिच्या हातावर बसला. घंटी वाजली नाही.

सूनबाई खाली वाकली. डावा हात तळाखाली घातला, उजव्या हातानं काहीतरी गोल घट्ट दाबून धरलं आणि गुडघ्यांवर जोर देऊन ती सावकाश उठली. माझं शिलाईमशीन होतं ते. उचलताना चाक फिरू नये म्हणून मी ते असंच दाबून धरते. घरी तिला मी मशीनला कधी हात लावू दिला नव्हता. तिनं नुसतं बघून बघून हे उचललं होतं. वजनानं तिचा डावा खांदा उतरला, आणि ती रंगमंचाच्या कडेनं चालायला लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या माणसांनी पाय आत ओढून घेतले. मी थक्क होऊन बघत राहिले. हॉलमधल्या प्रत्येकाला माझं मशीन दिसत होतं.

"बस आली," मी म्हणाले, आणि तिच्या मागोमाग चढले.

पडद्यामागे गेलो तरी तिचे हात तसेच होते.

"ठेव आता खाली," मी म्हणाले. "खांदा भरून येईल."

"तिकडे पोचल्यावरच ठेवते, आई," ती म्हणाली.