तिवसा ते अकोला, मधे न थांबता

आमच्या मुलीचं, गीतांजलीचं लग्न अकोल्याला झालं, ते साल २०२४. महिना एप्रिल. त्याच्या आधीच्या दिवाळीत माझा मुलगा किशोर ती लाल गाडी घेऊन दारात आला होता.

आम्ही तिवस्याजवळ फुलं लावतो. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. किशोरचं अमरावतीला फुलांचं दुकान आहे आणि नवरदेवाच्या गाड्या सजवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. अकोल्यात जठारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे तो लग्नाची सजावट करायला गेला होता. तिथं कापडाखाली झाकलेली ही गाडी त्याला दिसली. डॉक्टरांचे गुडघे गेले होते आणि गाडी इतकी बुटकी की बसायचं म्हणजे उकिडवंच व्हावं लागतं. त्यांनी ती विकली, यानं घेतली. सोळा वर्षांची गाडी. दोन दारं, दोन माणसं. मागे सीट आहे म्हणतात, पण तिथं फुलांचं पोतंही मावत नाही.

पहिल्या दिवशी तो शेतातल्या रस्त्यानं धूळ उडवत आला आणि उतरेचना. इंजिन सुरूच. मी म्हटलं, "बंद कर ना बे, पेट्रोल जळून राहिलं."

"बाबा, हिले लगेच बंद करता येत नाई. आत टर्बो हाय. जोरात आली की दोन मिनिटं दम खाऊ द्या लागते."

"बैलासारखा?"

"तसंच समजा."

मी कपाळाला हात लावला. बैल दम खातो तेव्हा निदान फुकट खातो.

पुढचे पाच महिने मी रोज काहीतरी नवीन ऐकत होतो. साधं पेट्रोल चालत नाही, महागातलंच लागतं. तेल अर्ध्या मुदतीत बदलायचं आणि दर आठवड्याला काडी घालून बघायचं, कारण गाडी तेल पिते. एका टायरला चौदा हजार. सकाळी सुरू केली की मागून निळा धूर. क्लच गेला. मग रबरी नळी फाटली, तर गाडी चढावर आजाऱ्यासारखी रडायला लागली. देवमन मिस्त्रीनं नळी काढून दाखवली. हात लावताच चकलीसारखी मोडली. देवमनचं गॅरेज अमरावतीला आहे आणि असल्या गाड्या त्याच्याकडेच येतात.

मी लिहायला-वाचायला साठीनंतर शिकलो. शिकल्याचा कधी पस्तावा झाला असेल तर तो देवमनचा कागद वाचताना. टर्बो दुरुस्ती, नव्वद हजार. मी पुन्हा वाचलं. शून्यं मोजली. तेवढीच होती.

"केवढा असते हा टर्बो?"

"नारळाएवढा," देवमन म्हणाला.

माझी बायको दुर्गाबाई बाहेरच्या ओट्यावर बसून सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरी नव्वद हजाराचा नारळ हाय. दर्शनाले या."

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, गाडी विक. एकट्या दादाचं नव्हतं. दादा म्हणजे माझे मोठे भाऊ नत्थुजी, वय एक्याऐंशी. लेकरूबाळ नाही, बायको कधीच वारली. किशोरला त्यांनीच खांद्यावर वाढवलं. किशोर गाडीखाली झोपला की दादा शेजारी बाज टाकून त्याला पाने-पेचकस देत बसायचे.

लग्नाच्या आठ दिवस आधी जेवताना मी विषय काढला. "लग्न झालं की गाडी काढून टाक, किशोर."

किशोरनं ताटातला हात थांबवला. त्याचे डोळे भरून आले होते. चौतीस वर्षांचा माणूस. मला कसंतरीच झालं, पण मी माघार घेतली नाही.

दादा म्हणाले, "सहदेव, तू शर्त लाव माह्याशी."

"कायची शर्त?"

"लग्नाच्या दिवशी मी या गाडीत बसून अकोल्याले जाईन. तिवसा ते अकोला, मधे न थांबता. पोचलो, तर या घरात गाडीबद्दल कोणं तोंड उघडायचं नाई. थांबली, तर पोट्टा गाडी विकन."

"मोठे बाबा, कायले जीव धोक्यात घालता?" दुर्गाबाई लेकरांमुळे त्यांना मोठे बाबा म्हणायची; तिचे ते भासरे, म्हणजे थोरले दीर.

"माहा जीव आता केवढा राहिला व सूनबाई? नारळाएवढा!"

सगळे हसले. किशोरनं दादांकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. त्या आठवड्यात त्यानं गाडीचं तेल बदललं, पाणी बदललं, नव्या नळ्या टाकल्या. देवमननं गाडी नागपूर रोडला पळवून आणली आणि सांगितलं, जाते.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी झेंडू तोडला. घरातलं कार्य, आणि दादा पहिल्यांदा अशा गाडीत निघालेले. हार घरच्या माणसाच्याच हातचा पाहिजे. नऊ पदरी केला. हार ओवण्यात आमच्या वडिलांचा एक कायदा होता: हारातून मागचं दिसलं तर ओवणाऱ्याची लाज. माझ्या हारातून बोट जात नव्हतं. गाडीचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलं, खालची जाळीसुद्धा, आणि सुतळीनं आवळलं. किशोर म्हणाला, "बाबा, झकास!" मी गाडी विकायला लावणारा माणूस, तरी हार कमी पडू दिला नाही.

दादा फेटा बांधून आत बसले. त्यांना बसवायला तिघं लागले. आठ वाजता ते निघाले आणि मागून आम्ही बाकीचे भाड्याच्या क्रूझरमध्ये. बडनेऱ्यानंतर ते दिसेनासे झाले. मी मनात म्हटलं, हरलो आपण. आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे लाल गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. पुढून वाफ, खाली हिरवट पाण्याचं थारोळं. किशोर डांबरावर बसला होता. दादा बाभळीखाली उभे, फेटा काखेत, उघड्या डोक्यावर ऊन.

"मी हारलो बाप्पा," दादा म्हणाले. "गरमीचा काटा एकदम वर गेला. पोट्ट्यानं लगेच बाजूले घेतली."

क्रूझरमधून कोणीतरी ओरडलं, "नारळ फुटला!"

हसण्याचा मोठा आवाज झाला. मीही हसलो. किशोरनं मान वर केली नाही.

आम्ही दाटीवाटीनं अकोल्याला पोचलो, मुहूर्त सांभाळला. गाडी दुसऱ्या एका गाडीवर लादून देवमनकडे गेली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी किशोरनं भंगारवाल्याला फोन केला. शर्त म्हणजे शर्त. गुरुवारी माणूस येणार होता.

बुधवारी मी देवमनकडे गेलो, त्याचा शेवटचा हिशोब आणायला. गाडी पुढून उघडून ठेवलेली होती. देवमननं मला खाली वाकायला सांगितलं. जाळीच्या बारीक फटींमध्ये काहीतरी काळं चिकटलं होतं, गुळाच्या पाकासारखं. त्यानं पेचकसानं एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

मी वास घेतला. झेंडू.

"हार कोणं बांधला होता काका?"

मी माझ्याच छातीला बोट लावलं.

"हिले तोंडातून हवा लागते. इंजिनाचं पाणी थंड कराले, टर्बोची हवा थंड कराले. तुमी नाकातोंडावर गोधडी बांधली अन् एप्रिलच्या उन्हात नव्वदच्या स्पीडनं पळवलं. नवी गाडीबी तापली असती. ही तर म्हातारी. पाण्याची टाकी फाटली, इंजिनाच्या हेडचं पॅकिंग गेलं, टर्बोबी भाजला."

"पण आमी हजार गाड्या सजवल्या रे!"

"थ्या मांडवापासून मारोतीच्या देवळापर्यंत जातात काका. अकोल्याले नाई जात."

मी तिथंच टायरवर बसलो. हार माझा होता, गाठ माझी होती, आणि डांबरावर बसलेल्या माझ्या मुलाला मी हसलो होतो. पन्नास वर्षं मी हार बांधतो. कोणाचं वाईट होईल असं एकदाही मनात आलं नाही.

घरी आलो तर दादा आणि किशोर वाफ्यात शेवंतीची रोपं लावत होते. मी ती खपली दादांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

किशोरनं हातातलं रोप खाली ठेवलं. "मीबी पाह्यला ना बाबा हार. माहा तर धंदाच हा. मले काहून सुचलं नाई?"

दादांनी ती खपली बोटात चुरली. मग म्हणाले, "म्हणजे गाडी नाई थांबली. तुवा थांबवली."

"हो दादा."

"मंग शर्त झालीच नाई. किशोर, त्या भंगारवाल्याले नाई म्हण. सहदेव, दुरुस्तीचा खर्च तुहा. गाडी नीट झाली की मी पुन्हा बसतो. अन् हार नाई. एक पाकळी नाई."

मी कबूल झालो. बांधावरची सागाची दोन झाडं विकली. पॅकिंग आलं, टाकी आली, पण टर्बोचा एक भाग बाहेरदेशातून यायचा होता. मे गेला, जून गेला. दादा दर सोमवारी देवमनला स्वतः फोन लावायचे. "आला का बे तुहा नारळ?" देवमन म्हणायचा, जहाजात हाय. जुलैत दादांना ताप भरला, अमरावतीला नेलं, चार दिवसांनी घरी आणलं. बाजेवरूनही त्यांनी तेच विचारलं.

गाडी नऊ ऑगस्टला तयार झाली. अठरा तारखेला, रविवारी, सकाळी आठ वाजता मी तिच्यात बसलो. शर्त माझीच होती, दुसरं कोण बसणार? गाडी किशोर चालवत होता. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी रस्ता पाहिलाच नाही, काट्याकडे पाहत होतो. काटा मधोमध होता, हलला नाही. सव्वादहाला गीतांजलीच्या दारात गाडी उभी राहिली. मधे कुठंही थांबली नाही. मी हरलो. गाडी आमच्याच घरी आहे आणि तिच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही.

माझे मोठे भाऊ नत्थुजी शनिवार, तीन ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी सात वाजता घरीच वारले.