डावी बाजू

घरात त्याला सगळे काडी म्हणत. लहानपणी त्याला त्याचं काही वाटत नसे. पण पंधरावं सरलं, आणि एकदा इमारतीखालच्या मैदानावर त्याच्या संघाने शर्ट काढून खेळायचं ठरवलं. गोलकीपर म्हणाला, "याच्या फासळ्या मोजून घ्या रे." सगळे हसले. तोही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली उतरलाच नाही.

त्याने खोलीचं दार लावून घेतलं. शाळेआधी जोर, शाळेनंतर बैठका, वजन म्हणून पाण्याने भरलेल्या बाटल्या. आरशासमोर दंड फुगवून बघायचा आणि दर वेळी तोंड पाडून पुन्हा जमिनीवर. आई कौतुकाने म्हणायची, "पोराने मनावर घेतलंय हो."

संध्याकाळी मात्र खालून फुटबॉलचा आवाज यायचा. कुणी मारला, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. मग जोर काढताना लक्षच लागेना. आधी मित्र हाका मारत. हळूहळू त्याही थांबल्या. हाका थांबल्यावर तो जास्तच कान देऊन ऐकू लागला.

ताई नर्स होती. सुट्टीच्या दिवशी तिने दार ढकललं, तर हा खांदा धरून बसलेला.

"कधीपासून दुखतोय?"

"झाले बरेच दिवस."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबलो तर कमावलंय तेही जाईल."

ताई रागावली नाही. बर्फ आणून तिने खांद्यावर धरला. "तुला नक्की काय हवंय रे?"

खाली गोल झाला असावा, एकच गलका उठला.

"मला खाली जायचंय," तो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला.

ताईने त्याला आधी डॉक्टरांकडे नेलं, मग समुपदेशक बाईंकडे. तिथे एकदा बोलू लागला तो थांबेचना. घरी आईने 'काडी' म्हणणं सोडलं. चुकून तोंडातून निघालं, की स्वतःचीच जीभ चावायची. आरशासमोरचं उभं राहणं एकदम सुटलं नाही, पण कमी झालं.

खांदा बरा झाल्यावर एका संध्याकाळी तो जिना उतरला.

"होतास कुठे?" गोलकीपरने विचारलं. "तुझ्यावाचून डावी बाजू पार बोंबलली आमची."

"घरीच होतो."

"घरीच? मग यायचं ना!"

त्या पठ्ठ्याला काहीच आठवत नव्हतं. यावर रागवावं की हसावं, त्याला कळेना. तो डावीकडे जाऊन उभा राहिला. अंधारून आलं, एकेक जण घरी निघाला, तरी त्याचा पाय निघेना.

"उद्या खेळ आहे ना?" त्याने विचारलं.

"रोजच असतो," गोलकीपर म्हणाला.